मिठागरात भाजलेला पाय

१२ मार्च, गुरुवार. सकाळी सव्वासहा.

डावे अंगठेराव, तब्येत कशी आहे? मजेत. नख पिवळं पडलंय, पण ते वयोमानाने. शेजारचे दोघे? ठीक. चौथा? जरा खाज. डावी करंगळी? बरी आहे. शेजाऱ्याच्या अंगावर चढून बसायची सवय अजून सुटलेली नाही. डावी टाच? भेगा आहेत, कुरकुर नाही. घोटा? सुजलेला. तो माझ्या लग्नापासून सुजलेलाच आहे.

आता उजवीकडची मंडळी. उजवे अंगठेराव, बरे आहात ना? गप्प. दुसरे, तिसरे, चौथे? गप्प. करंगळी? ती तर गेल्या दिवाळीपासून माझ्याशी बोलतच नाही.

म्हणजे उजवीकडे काही तक्रार नाही. तक्रार नाही तो पाय निरोगी. एवढं साधं गणित, पण शिकलेल्यांना समजत नाही.

ही डायरी नंदिनी मॅडमच्या हुकमाने सुरू केली. आमच्या डॉक्टर. म्हणाल्या, काका, रोज सकाळी उपाशीपोटी शुगर मोजायची आणि तारखेनिशी लिहून ठेवायची. माझी शुगर बॉर्डरवर आहे. नऊ वर्षं झाली, तिथून हललेली नाही. आजची शुगर: मशीनचा सेल गेलाय. उद्यापासून नक्की.

खरं काम वेगळंच आहे. १० एप्रिलला गावदेवीची जत्रा. पालखीचा पुढचा उजवा दांडा आमच्या घराचा. आजाने वाहिला, बापाने वाहिला, अडतीस वर्षं मी वाहतोय. अनवाणी. देवळातून निघून सगळं सानपाडा गाव फिरायचं. दारोदारी बायका पालखीवाल्यांच्या पायांवर पाणी ओततात, हातांनी पाय धुतात, हळदीकुंकू लावतात, मग पालखी पुढच्या दाराला. आजूबाजूला टॉवर झाले, सेक्टर झाले, पण ही रीत आहे तशी आहे.

यंदा माझा मुलगा हरेश म्हणतो, बाबा, सत्तर झाली, दांडा रोहिदासकाकांना द्या. रोहिदास माझा चुलतभाऊ. वीस वर्षं माझ्या मागच्या दांड्याला आहे आणि वीस वर्षं माझ्या मानेकडे बघतोय.

देत नाही.

अडचण एकच. उजव्या तळव्याला, करंगळीच्या खाली, कुरूप झालंय. शेंगदाण्याएवढं. शी! बघितलं की घास उतरत नाही. जत्रेच्या आत ते मी माझ्या हाताने काढणार. डॉक्टर नाही, हरेश नाही, मोबाइल नाही. पंधराव्या वर्षापासून खाऱ्या पाण्यात आणि तापलेल्या मिठावर उभा राहिलेला पाय आहे हा. मिठागरात भाजलेला. आमच्या मिठागरावर आता बिल्डिंगी आहेत, पण पाय तोच आहे.

१५ मार्च, रविवार.

आज सगळं घर हॉलमध्ये बसवलं आणि पायांची तपासणी केली. काय ही पिढी! पाय म्हणावेत की भाजीवाल्याने टाकून दिलेला माल?

हरेश: रबाळ्याच्या कंपनीत दिवसभर बूट. बोटांच्या बेचक्यात चिखल्या. पांढरं, ओलं, सोललेलं. वास असा की मी खिडकी उघडली. सांगितलं, बेचक्या कोरड्या पुसायच्या, मोजे रोज बदलायचे, मेडिकलवाल्याकडून मलम आणायचं आणि खाज थांबली तरी दोन आठवडे लावत राहायचं. लोक खाज थांबली की मलम टाकून देतात. मूर्ख.

नमिता, माझी सून: सकाळी पलंगावरून पहिलं पाऊल टाकलं की टाचेत खिळा ठोकल्यासारखं दुखतं. पाण्याची बाटली फ्रीजरमध्ये गोठवायची आणि तळव्याखाली पुढे-मागे लाटायची, पोळी लाटतात तशी. पोटऱ्या ताणायच्या. आणि घरातल्या लादीवर अनवाणी उभं राहायचं नाही.

जमुना, माझी बायको: टाचांना भेगा, त्यांत रुपया मावेल. रात्री कोमट पाण्यात पाय, मग पुसून कोकम तेल, वर सुती मोजे. तेल मी स्वतः लावून दिलं. ती म्हणाली, "पन्नास वर्सांत पयल्यांदा माजे पायाला हात लावलात." मी म्हटलं, पेशंट आहेस म्हणून. ती हसली.

रुतिका, नात, सहावीत: नखं कोपऱ्यात गोल कापते. कापायची ती सरळ, नाहीतर मांसात रुततात. रोहिदासचं रुतलं होतं गेल्या वर्षी. अर्धं नख काढावं लागलं, महिनाभर लंगडत होता. मला वाईट वाटलं होतं. फार नाही.

मग रुतिका म्हणाली, आजोबा, आता तुमचे दाखवा. माझे पाय सोफ्याखाली होते. सांगितलं, तपासणारा कधी स्वतः रांगेत बसतो का?

आजची शुगर: घाईत राहिली.

१७ मार्च, मंगळवार.

कुरूपावर लावायच्या पट्ट्या आणल्या. मधे औषधाचा गोल ठिपका असतो. पाकिटावर बारीक अक्षरात लिहिलंय की मधुमेहींनी वापरू नये. मी बॉर्डरवर आहे, त्यामुळे मला लागू नाही. एक पट्टी दोन दिवस ठेवा म्हणतात. मी चार एकावर एक लावल्या. जत्रा जवळ आलीय.

१९ मार्च. पाडवा.

पट्ट्या काढल्या. आतली कातडी पांढरीफटक, मऊ, भिजलेल्या पावासारखी. ओकारी आली. पण दुखलं? अजिबात नाही. लोक एवढ्यावर आईच्या नावाने बोंबलतात.

बायका गुढीपाशी होत्या. मी किचनमध्ये जाऊन मासळीची विळी घेतली आणि कुरूप तासून काढलं. पातळ चकत्या निघाल्या. रक्त आलं थोडं. दुखणं शून्य. मिठागर!

जमुना आली. विळी बघितली, माझ्याकडे बघितलं, चकत्या बघितल्या. मग जे बोलली ते सणाच्या दिवशी लिहू नये. शेवटचं तेवढं लिहितो: "आता या विलीवर मी बोंबील कापू? न् तुमी खाल?" विळी कचऱ्यात गेली. बाईमाणसाला किळस फार.

श्रीखंड दोनदा घेतलं. सण आहे. शुगर मोजायचा हा दिवस नव्हे.

२२ मार्च, रविवार.

रुतिकाने हट्टाने मॉलमध्ये नेलं. तिथे काचेच्या टाकीत पाय सोडून बसायचं आणि बारीक मासे पायाची मेलेली कातडी खातात. लोक यासाठी रांग लावतात. सत्तर वर्षं आम्ही मासे खाल्ले, आता मासे आम्हाला खाणार. आणि त्याच पाण्यात आधी कुणाकुणाचे पाय बुडालेत देव जाणे. एका गृहस्थाच्या टाचा बघून मी तोंड फिरवलं.

पण नातीसाठी बसलो. शेजारच्या बायका किंचाळत होत्या, गुदगुल्या म्हणे. रुतिका हसून हसून रडायला आली. मी पुतळ्यासारखा. एकही मासा माझ्याकडे फिरकला नाही. मालकाला सांगितलं, तुझे मासे उपाशी नाहीत, आम्हाला फसवतोस. तेवढ्यात रुतिका ओरडली, "आजोबा, तुमच्या उजव्या पायाला बघा ना! सगळे तुमच्याकडेच आलेत!"

खाली बघितलं. खरंच. करंगळीखाली घोळका झाला होता, मासळी बाजारात पहिली टोपली उतरल्यावर होतो तसा. मला काही कळलंच नाही.

याला म्हणतात मनावर ताबा.

२४ मार्च, मंगळवार.

रुतिकाच्या कानातला एक टॉप हरवला. छोटा, पांढऱ्या खड्याचा, मागे टोकदार दांडी. नमिता ओरडली, रुतिका रडली. मी मधे पडलो. वस्तू हरवते ती निष्काळजीपणाने, असं पोरीला प्रेमाने समजावलं आणि शोधायचं काम स्वतःकडे घेतलं. अख्खा हॉल अनवाणी पायाने चाचपून काढला, इंचाइंचाने. तळव्याला डोळ्यापेक्षा जास्त कळतं. निदान आमच्या तळव्यांना.

नाही सापडला. हॉलमध्ये नाहीच म्हणजे.

२६ मार्च, गुरुवार.

गेल्या वर्षी बसवलेल्या लाद्या खराब आहेत. चालताना टक टक आवाज येतो. एका पावलाला येतो, एकाला नाही. म्हणजे एक आड एक लादी पोकळ बसवलीय. किती बारकाईने फसवतात! लादीवाल्याला फोन केला, चार शब्द सुनावले. तो म्हणतो, काका, एक आड एक कोण मुद्दाम बसवेल? चोर तो चोर, वर तोंडाने हुशार.

जमुना म्हणते, तिच्या चालण्याने आवाज येत नाही. तिचं वजन कमी.

२८ मार्च, शनिवार.

घरात घाण वास. उंदीर मेला असणार. सोफा सरकवला, कपाट सरकवलं, माळ्यावरची सुकट तपासली. सुकट निर्दोष. तरी वास आहेच, हॉलमध्ये जास्त, माझ्या खुर्चीपाशी सगळ्यात जास्त. पेस्ट कंट्रोलवाला आला, नाक वर करून फिरला, माझ्या खुर्चीपाशी थांबला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, अंकल, इधर चूहा नहीं है. अर्धवट माणूस.

संध्याकाळी देवळाच्या कट्ट्यावर बसलो. तिथेही उंदीर मेलेला. रोहिदास शेजारी येऊन बसला आणि दोन मिनिटांत उठून समोर बसला. मी त्याला म्हटलं, जत्रा तोंडावर आली आणि देवळाची साफसफाई नाही, शरम वाटली पाहिजे ट्रस्टला. तो माझ्या मोज्यांकडे बघत होता. मी हल्ली घरातही मोजे घालतो. पायाला धूळ लागू नये म्हणून.

२९ मार्च, रविवार.

पाय शेकायचं ठरवलं. घमेल्यात गरम पाणी, दोन मुठी मीठ. मीठ आपल्याला परकं नाही. गिझरच्या पाण्यात दम नसतो, म्हणून गॅसवर पातेलं ठेवलं. उजवा पाय बुडवून पेपर वाचत बसलो. कोमटच वाटलं. दोनदा पातेल्यातलं पाणी वर ओतलं.

जमुना घमेलं उचलायला आली, हात घातला आणि किंचाळली. "अवं, यो पानी हाय का इस्तव! हात भाजला ना माजा!" बोटं लाल झाली होती तिची. मी ताबडतोब कोरफड लावून दिली, फुंकर घातली. बिचारी. वॉशिंग मशीनने बायकांचे हात अगदी लोण्याचे करून ठेवलेत.

माझ्या पायाला एक मोठा फोड आलाय, लिंबाएवढा. दुखत नाही. तो मिठाने आतली घाण बाहेर ओढल्याची खूण आहे.

३१ मार्च, मंगळवार.

हरेशने चप्पल आणली. काळी, जाडजूड, मऊ, वर चिकटपट्टी. डायबेटिक चप्पल म्हणे. असली चप्पल मी माझ्या शत्रूच्या पायात बघू शकत नाही. रोहिदासच्या पायात बघू शकेन.

तो म्हणाला, बाबा, नवीन चप्पल पहिल्या दिवशी तासभरच घाला, घालण्याआधी आत हात फिरवून बघा, खडा-बिडा असतो. मी म्हटलं, आम्ही खड्यांवर मोठे झालो. चप्पल माळ्यावर, सुकटीच्या मागे.

हरेशच्या चिखल्या बऱ्या झाल्यात. नमिताची टाचही. जमुनाच्या भेगा भरून आल्या. सगळं घर माझ्या हाताने पायावर उभं राहिलं. एकाने आभार मानले असतील तर शपथ.

२ एप्रिल, गुरुवार.

नमिताने फसवून नंदिनी मॅडमकडे नेलं. भाजी घ्यायला जाऊया म्हणाली. सुनेवर विश्वास ठेवला.

वेटिंगमध्ये सगळेच पायवाले. कुणाचं बँडेज पिवळं, कुणाचं हिरवट. एकाचा अंगठा काळा, वाळल्या खारकेसारखा. मी नाकाला रुमाल लावला. माणसं इतकं होईपर्यंत करतात काय? डोळे नसतात का यांना?

मॅडम म्हणाल्या, काका, पाय दाखवा. मी डावा दिला. डोळे मिटा म्हणाल्या, दोऱ्यासारखं काही लावीन, लागलं की हो म्हणा. मिटले. एकदा लागलं, हो म्हटलं. अजून एकदा, हो म्हटलं. मग काहीच नाही. बाईंना बहुतेक फोन आला असावा. बराच वेळ गेल्यावर मी विचारलं, पुढे कधी सुरू करताय? त्या म्हणाल्या, "काका, माझं झालं. दहा ठिकाणी लावलं. तुम्ही दोनदा हो म्हणालात."

दहा! मी इथे बसलोय, मला कळणार नाही? पण बाईमाणसाला खोटं कसं म्हणायचं.

म्हणाल्या, आता उजवा. मी सांगितलं, त्याला मुरगळ आहे, पट्टी बांधलीय, सुटायची नाही. त्या कात्री घेऊन आल्या. मी म्हटलं, लघवीला जाऊन येतो. आणि रिक्षाने घरी आलो.

नमिता अर्ध्या तासाने आली. तिचे डोळे लाल होते. म्हणाली, मॅडमनी उद्या सकाळी यायला सांगितलंय, थांबू नका म्हणाल्या. मी तिच्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं, पोरी, जत्रा झाली की दुसऱ्या दिवशी तू म्हणशील तिथे येतो. वचन. तिने विचारलं, दांडा पायापेक्षा मोठा आहे का, बाबा?

आमच्या घरात आल्याला चौदा वर्षं झाली तिला. अजून असे प्रश्न विचारते.

५ एप्रिल, रविवार.

रोहिदास घरी आला. आला तो हातात नारळ घेऊन, म्हणजे नक्कीच काहीतरी मागायला. दाराजवळच बसला. म्हणाला, "दादा, तुजे पायाला काय झालाय?" मी म्हटलं, काही नाही. म्हणाला, "मी खांदा लावतू यंदा. दांडा तुजाच हाय. नाव तुजाच. तू फकस्त बाजून चाल, चपला घालून."

बघितलं? वीस वर्षांनी बाहेर पडलं पोटातलं.

मी त्याला चहा पाजला, चकली दिली, त्याच्या नखाची चौकशी केली आणि सांगितलं, मी मेलो की ये. तो उठला. दारात थांबून म्हणाला, "तू मेल्यावर कनाला मजा येल र दांडा वाहायला?"

डोळ्यांत पाणीबिणी आणलं होतं. नाटकी माणूस.

८ एप्रिल, बुधवार.

थंडी वाजते. एप्रिलमध्ये! नमिता एसी फार वाढवते. गोधडी घेऊन पडलो. जमुना कपाळाला हात लावून म्हणाली, ताप हाय. मी म्हटलं, उत्साह हाय.

पट्टी बदलली. फोड फुटलाय, खाली खड्डा. आत काहीतरी पांढरं चकाकतं. कुरुपाचा गाभा असणार. मुळासकट वर येतोय. उपचार लागू पडला तर! पण वास... घरात उंदीर आहे की माझ्याच... नाही. उंदीरच.

करंगळीचा रंग बदललाय. सावळी आम्ही सगळेच आहोत.

९ एप्रिल, गुरुवार.

उद्याचा प्लॅन. पट्टी काढायची, अनवाणी तर जावंच लागणार. खड्ड्यात हळद दाबून भरायची, वरून सगळ्या पायाला हळदीचा लेप. बायका पाय धुतील तेव्हा हळद असतेच, वर कुंकू असतंच. पिवळ्यात पिवळं, लालात लाल. कुणाच्या बापाला कळणार नाही. अत्तर पण आणलंय.

दुखायचा प्रश्नच नाही. ते डिपार्टमेंट आपल्याकडे बंद आहे.

शुगर: जत्रेनंतर, शपथ.

१० एप्रिल. पहाटे.

निघतो. गावदेवी, तुझा मान, माझा खांदा.

१२ एप्रिल, रविवार. हॉस्पिटल, वाशी.

उजव्या हाताला सलाइन, म्हणून अक्षर असं. मॅडम म्हणाल्या, लिहा, लिहिणं चांगलं. म्हणून लिहितो.

दांडा उचलला. पहिली सहा घरं झक्क. भिमाबाईच्या दारात तिने पाय धुतले आणि विचारलं, "अत्तर कनचा लावलास र नामा, मासे मेल्यासारका?" सगळे हसले, मीही हसलो. आठव्या घरापासून पाऊल कुठे पडतंय ते कळेना. रस्ता कापसाचा झाला होता. मागून रोहिदास सारखा म्हणत होता, दादा, थांब. दादा, खाली बघ. मला वाटलं, दांड्यासाठी.

मग आमचं दार. नमिता तांब्या घेऊन पायाशी बसली. तिने पाणी ओतलं, हळद धुऊन गेली. तिने चोळलं, पाणी लाल झालं. परत ओतलं, परत लाल. मी वरून बघत होतो. मनात म्हटलं, पोरीने यंदा कुंकू सढळ हाताने वापरलंय. मोठ्याने म्हणालोसुद्धा, बास गो, किती कुंकू.

तिने वर बघितलं. अगदी हळू म्हणाली, "बाबा, कुंकू मी अजून लावलंच नाही."

कुंकवाची वाटी तिच्या बाजूला तशीच भरलेली होती. मी मागे बघितलं. भिमाबाईच्या दारापासून आमच्या दारापर्यंत रस्त्यावर उजव्या पायाचे ठसे, एकामागून एक, लाल. लग्न होऊन घरात येणाऱ्या सुनेचे असतात तसे. आणि शेवटच्या काही ठशांवर रोहिदासचे ठसे. तो त्यांच्यावर पाय न देण्यासाठी वाकडा वाकडा चालत आला होता, तरी काहींवर पडलाच होता.

पालखी खाली टेकवायची नाही ही रीत. माझा खांदा कधी सुटला आणि रोहिदास कधी पुढे आला ते मला माहीत नाही. एवढं आठवतं की पालखी हलली नाही.

१५ एप्रिल, बुधवार.

ऑपरेशन झालं. मॅडमनी समोर एक बारकी डबी ठेवली. त्यात रुतिकाचा टॉप. माझ्या तळव्यातून निघाला. सतरा दिवस मी त्याच्यावर चालत होतो. लाद्यांचा आवाज तोच. लादीवाल्याला फोन करून माफी मागितली. तो म्हणाला, अंकल, टेन्शन नका घेऊ. चांगला माणूस आहे.

शुगर बघायला मॅडमनी ही डायरी मागितली. मी नाही म्हणायच्या आत रुतिकाने देऊन टाकली. मॅडम वाचत उभ्या राहिल्या. एकदा हसल्या, मग खुर्चीवर बसल्या. मग बरोबरच्या शिकाऊ डॉक्टरांना बोलावून वाचून दाखवली. पट्ट्या, विळी, मासे, घमेलं, सगळं. म्हणाल्या, नसा मेल्याची एवढी सविस्तर, तारखेनिशी हिस्टरी पेशंट कधी देत नाही. शुगर तेवढी एका दिवसाची नाही.

मान खाली घातली. पण आतून थोडं बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. सातवी पास माणसाचं लिखाण डॉक्टरांनी उभ्याने ऐकलं.

रोहिदास प्रसाद घेऊन आला. माझा पाय उशीवर होता, पट्टीत. त्याच्याकडे न बघता म्हणाला, "दांडा देवलात ठेवलाय. तुजे जागेवर." मी म्हटलं, ठेव, पुढच्या वर्षी मी येतोय. पालखी खांद्याने वाहतात, बोटांनी नाही. तो म्हणाला, हो. मग बराच वेळ बसला. अगदी पलंगाला खेटून बसला.

२० एप्रिल, सोमवार. सकाळी सव्वासहा. घरी.

उपाशीपोटी शुगर: १९२. सेल बदलायला रुतिकाला एक मिनिट लागलं. तिचा टॉप तिला परत दिला, उकळून. घेतला, पण कानात घालत नाही. शी आजोबा, म्हणते. बरोबर आहे तिचं.

माळ्यावरची काळी चप्पल खाली आली. सुकटीचा वास लागलाय तिला. जमुना आधी आत हात फिरवते, मग माझ्या डाव्या पायात घालते आणि पट्टी चिकटवते. मी म्हटलं, मला जमतं गं. ती म्हणाली, "गप बसा. पेशंट हाव तुमी."

डावे अंगठेराव, कसे आहात? दोघे, चौथा, करंगळी, टाच? सगळे हजर. मॅडमनी आरसा दिलाय, रोज तळवा बघायचा.

उजवे अंगठेराव? गप्प. दुसरे, तिसरे, चौथे? गप्प. मॅडम म्हणतात, गप्प असतात त्यांच्याकडे जास्त लक्ष द्यायचं. देतो.

करंगळे, तू कुठे आहेस ते मॅडमनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. सत्तर वर्षं बरोबर होतीस. मिठागरात होतीस, लग्नात होतीस, अडतीस जत्रांना होतीस. दिवाळीपासून बोलत नव्हतीस, मला वाटलं, रुसलीस. इथे सगळे बरे आहेत. तुझी जागा रिकामी आहे, शेजारचा चौथा तिकडे सरकत नाही. राग धरू नकोस.

जमेल तसं, पण लवकर, दोन ओळी पाठव. वाट बघतोय.